आतल्या खिशाची फुली

समोर कुणी बाई आली की मला आधी तिची मापं दिसतात, नाव नंतर कळतं. ही खोड लहानपणची आहे आणि आता ती जायची नाही. बाई कितीही मोठ्या हुद्द्यावरची असो, तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे, पाठ रुंद आहे, तिच्या ब्लाउजचा मुंढा ओढतोय, हे मी ती खुर्चीवर बसायच्या आत बघून घेतलेलं असतं.

नाशकातल्या सातपूर कॉलनीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत आई ब्लाउज शिवायची आणि मी तिसरीत असल्यापासून तिची मापाची वही लिहायचे. आईला लिहिता येत नव्हतं असं नाही, सातवीपर्यंत शिकली होती ती. पण तिचे दोन्ही हात टेपमध्ये अडकलेले असायचे. ती बाईच्या भोवती फिरत आकडे सांगायची आणि मी पलंगाच्या कडेला बसून लिहायचे. उंची चौदा, छाती छत्तीस, मुंढा सोळा, मागचा गळा नऊ. दाराला कडी, खिडकीला पडदा. वडील घरी असले तर पेपर घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

हात वर करून उभ्या राहिलेल्या बाईला खोटं बोलता येत नाही, असं आई गमतीनं म्हणायची. खरंच असावं ते. त्या पाच-दहा मिनिटांत बायका काय काय बोलून जायच्या! कुणाच्या मुलीचं जमत आलेलं मोडलं, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाला डॉक्टरांनी गाठ सांगितली. आई नुसतं हूं हूं करायची आणि दंडाचा घेर सांगायची. बाई गेली की माझ्याकडे न बघताच म्हणायची, "इथलं इथंच हं." मी मान हलवायचे. तेवढं एकच तिनं मला नीट शिकवलं. शिवण काही मला आलं नाही.

काही बायका परकरही शिवून घ्यायच्या, आणि त्यातल्या काही जणी आवाज खाली आणून आईला एक गोष्ट सांगायच्या. आतून खिसा हवा. नेफ्याच्या खाली, डाव्या अंगाला, चेनचा. घडी घातलेलं पासबुक मावेल एवढा. पहिल्यांदा मी वहीत 'खिसा' असं लिहायला गेले तेव्हा आईनं माझा हात धरला.

"खिसा लिहू नको. नावापुढं फुली मार."

"का गं?"

"वही कुणाच्याही हाताला लागते."

म्हणून मी फुली मारायला लागले. कॉलेजात जाईपर्यंत त्या फुल्यांचा अर्थ मला कुणी न सांगताच कळला होता. ज्या बाईच्या नावापुढे फुली, तिच्याकडे तिचे स्वतःचे, घरात कुणाला ठाऊक नसलेले थोडेफार पैसे होते.

त्यातल्या एक होत्या, त्यांना मी काकू म्हणायचे. दिंडोरीकडे त्यांची द्राक्षाची मोठी बाग, गंगापूर रोडला बंगला. गाडी आमच्या कॉलनीत वळायची नाही म्हणून कोपऱ्यावरून चालत यायच्या. बोलणं मात्र गावचंच राहिलेलं. माहेर वणीच्या बाजूचं. तिथली जमीन भावांनी विकली, बहिणीची सही लागली आणि भावांनी खळखळ न करता तिचा वाटा तिच्या नावानं वणीतच बँकेत ठेवला. हे काकूंनी हात वर करूनच सांगितलं. "ह्यांना नाय सांगितलं, ताई," त्या आईला म्हणाल्या. "मानूस वाईट नाय. पण त्यांच्या हातात गेलं की त्याचं फवारणीचं औषधच व्हतं बागेचं. म्हातारपणी कुनाफुडं हात पसरायला नको, एवढंच." आई म्हणाली, "पाठ साडेचौदा." मी लिहिलं. फुली आधीच होती.

दोन हजार सहा साल. वडिलांच्या कंपनीनं त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावून पाच वर्षं झाली होती. त्यात स्वेच्छा कुणाची होती हे मी विचारलं की आई मला डोळ्यांनी गप्प करायची. मी व्यवस्थापनाची पदवी घेऊन घरी बसलेली, चार ठिकाणी नापास होऊन चिडचिडी झालेली. विमा कंपनीनं सांगितलं, तुमचं इंग्रजी कच्चं आहे. एका कारखान्यानं सांगितलं, मुलींना रात्रपाळी देता येत नाही. मी रात्रपाळी मागितलीच नव्हती. आईकडे येणाऱ्या बायका "मुलीचं काय?" असं विचारायला लागल्या होत्या, आणि तो प्रश्न नोकरीचा नसायचा. ही नोकरी लागली नाही तर दिवाळीनंतर स्थळं बघायची, असं घरात न बोलता ठरलं होतं.

अशात एका खाजगी बँकेचं पत्र आलं. नाशकात त्यांना 'वेल्थ मॅनेजमेंट'चा नवा विभाग काढायचा होता. श्रीमंतांच्या पैशाची नीट काळजी घ्यायची, ते कुठं गुंतवावेत ते सांगायचं. नव्या पदवीधरांसाठी दोन जागा. पत्रात शेवटी लिहिलं होतं, येताना तुमच्या ओळखीतल्या पंचवीस संपन्न व्यक्तींची यादी आणावी, प्रत्येकीपुढे शेरा असावा.

पंचवीस संपन्न व्यक्ती! आमच्या ओळखीत सगळ्यात संपन्न म्हणजे वडिलांचा एक जुना फोरमन, त्यानं मुलाला मोटरसायकल घेऊन दिली होती.

कॉलेजातला एक सिनियर मुंबईत असल्याच बँकेत लागला होता. तो शनिवारी टॅक्सीनं नाशकात द्वारका चौकात उतरायचा. मी त्याला तिथंच गाठलं. चहा पीत, घरी जायची घाई लपवत त्यानं मला वीस मिनिटं दिली. इंग्रजी चुकलं तर थांबायचं नाही, म्हणाला. हसू नकोस, पण हसरी दिस. आणि यादीचं ऐक. "सगळे डॉक्टर, बिल्डर आणि द्राक्षवाले लिहून आणतात. ती नावं बँकेकडे आधीच असतात. त्यांच्याकडे नसलेलं काहीतरी ने. आणि शेरा असा लिही की माणूस आतून माहीत आहे असं वाटलं पाहिजे. मुलीचं लग्न, जमीन विकली, कुणी वारलं. पैसा तेव्हाच हलतो."

मी तयारीला लागले. वाचनालयात जाऊन शेअरबाजाराचे गुलाबी इंग्रजी पेपर वाचायचे, कळलं नाही ते वहीत उतरवायचे. संध्याकाळी वडील बनियनवर खुर्चीत बसायचे आणि माझ्या कागदावरचे प्रश्न विचारायचे. "टेल मी अबाउट युवरसेल्फ," ते दमात म्हणायचे आणि मग उत्तर न ऐकताच स्वतःशी खुदकन हसायचे. एकदा मी 'असेट अ‍ॅलोकेशन', म्हणजे पैसा कशात किती ठेवायचा ते, दहा मिनिटं समजावलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे लोकांनी त्यांचे पैसे कुठं ठेवलेत ते आधी तुला सांगायला पाहिजेत." मी म्हटलं, हो. "का सांगतील?" या प्रश्नाचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं. मी चिडून पुढचा प्रश्न घ्यायला लावला.

आईनं कोट शिवायला घेतला. कंपनीनं निरोपाच्या वेळी वडिलांना राखाडी सुटाचं कापड दिलं होतं, ते ट्रंकेत पाच वर्षं तसंच पडलं होतं. आईनं जन्मात कोट शिवला नव्हता. तिनं शेजारच्यांचा एक जुना कोट आणून उसवला, त्याचे तुकडे अंथरून बघितले, पुन्हा जसाच्या तसा शिवून परत दिला आणि मग माझ्या कापडाला कात्री लावली. खांदा तिनं तीनदा उसवला. आत डाव्या बाजूला खिसा ठेवला. "यादी यात ठेव," म्हणाली. "हातात कागद धरून गेलीस की घाबरलेली दिसशील."

यादी कसली ते तिला ठाऊक होतं, कुणाची ते नव्हतं. मलाही नव्हतं. मुलाखतीच्या दोन दिवस आधीच्या दुपारी ती अस्तर जुळवायला मेन रोडला गेली होती. मी कोऱ्या कागदावर एक ते पंचवीस आकडे टाकून बसले होते. वडील बाहेर ओट्यावर. शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर मापाची वही.

मी ती उचलली. मला कुणी भरीला घातलं नव्हतं, मला समजत नव्हतं असंही नाही. पान उलटताना मी चक्क खूश होत गेले. गंगापूर रोड, कॉलेज रोड, एकेक नाव, पत्ता, घरचा फोन नंबर. आणि सगळं अक्षर माझं! बारा-पंधरा वर्षं मी हे लिहीत आले होते. माझ्याच अक्षरातली वही माझी का नाही, असा विचार मी केला. आजही मला त्या विचाराची लाज वाटते, त्या कृतीपेक्षा जास्त.

मग मला फुल्या दिसल्या. मोजल्या तर सात. बँकेकडे नसलेलं काहीतरी ने. मी बाकीची अठरा नावं भराभर लिहिली आणि ती सात वर घेतली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'स्वतःची स्वतंत्र रक्कम, कुटुंबाला माहिती नाही.' काकूंच्या पुढे अजून एक ओळ लिहिली, 'वणीची ठेव, दिवाळीत मुदत संपते.' मुदतीचं त्या मागच्याच महिन्यात बोलल्या होत्या.

मुलाखत शरणपूर रोडला होती. समोर तिघं. मुंबईहून आलेल्या एक बाई, एक टाय लावलेले गृहस्थ आणि इथल्या शाखेचे एक अधिकारी, ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. बाईंचा उजवा खांदा उतरता होता. ते दिसल्यावर माझी भीती थोडी कमी झाली. मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. एका प्रश्नाला अडले, थांबले नाही. गृहस्थ घड्याळ बघायला लागले. आणखी एक नकार घेऊन घरी जायचं, आई विचारणार नाही, फक्त कोट हँगरला लावेल. मी आतल्या खिशातून यादी काढली.

बाईंनी ती वाचली आणि पहिल्यांदाच मराठीत बोलल्या. "हे इंटरेस्टिंग आहे. या बायकांचे पैसे घरच्यांना माहीत नाहीत?"

"नाही, मॅडम."

"मग तुला कसे माहीत?"

इथं मला थांबता आलं असतं. यादी चुकून आणली म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "त्यांचा आमच्या घरावर विश्वास आहे."

बाई टाय लावलेल्या गृहस्थांकडे बघून म्हणाल्या, "बघा. हेच हवंय आपल्याला." मग त्यांनी एखादं उदाहरण मागितलं आणि मी काकूंचं सगळं सांगितलं. जमीन, भाऊ, सही, दिवाळी. चांगलं सांगितलं, एकदाही न अडखळता. न बोलणारे अधिकारी यादी झेरॉक्स करायला घेऊन गेले.

आठवड्याभरानं, दुपारी, काकू आल्या. आईनं नेहमीप्रमाणं दाराला कडी लावली, टेप गळ्यात घातला. मी वही मांडीवर घेतली. पण काकूंनी हात वर केले नाहीत. त्या उभ्याच राहिल्या.

"ताई, एक इचारू? राग नका धरू."

"विचारा ना, वहिनी."

"वणीच्या पैशाचं मी भावजयीला पन बोलले नव्हते. फकस्त हितं बोलले. परवा ब्यांकेतून फोन आला. यांनी उचलला. मॅडमची वणीची ठेव दिवाळीला सुटती, तिचं बोलायचं व्हतं म्हणाले."

आईनं गळ्यातला टेप काढून हातात घेतला.

"हे काय वराडले नाय का काय नाय. जेवले. मंग म्हणाले, पासबुक आन. म्या आनून दिलं." काकूंनी पदर सारखा केला. "पैशाचं सोडा, ताई. पंधरा वर्सं मी हितं हात वर करून हुबी राहिले."

"वहिनी, देवाशपथ सांगते," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता, तिला राग आला होता, आणि तो राग निर्दोष माणसाचा होता. "माझ्या खोलीतून गोष्ट बाहेर गेलेली नाही. इथं असतो कोण? मी आणि ही. हिलाच विचारा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. वही माझ्या मांडीवर होती.

"नाही, काकू," मी म्हणाले.

त्यांनी एकदा वहीकडे बघितलं. मग "बरं" म्हणाल्या, शिवून ठेवलेले दोन ब्लाउज घेतले आणि गेल्या. कापडाची नवी पिशवी त्यांनी आणली होती, ती तशीच परत नेली.

संध्याकाळपर्यंत आई त्याच एका गोष्टीवर होती. वणीच्या बँकेतला शिपाईच असणार. नाहीतर भावांपैकी कुणीतरी. वहिनींना आपल्यावर संशय आलाच कसा, इतक्या वर्षांत एक तरी गोष्ट गेली का इथून? ती भाकरी थापत होती आणि मला साक्षीला घेत होती. "सांग ना, गेली का?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. मुलाखत, यादी, सगळं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"किती जणींची?"

"सात."

"फुल्या बघून?"

"हो."

तिनं गॅस बंद केला. भाकरी अर्धी कच्चीच तव्यावर राहिली. ती मला मारेल, निदान बोलेल, असं मला वाटत होतं. मला ते हवंही होतं. तिनं मोरीपाशी जाऊन पिठाचे हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चांगली साडी नेसली. सात घरी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं तिनं ठरवलं होतं. मी येते म्हटलं.

"तू नको," ती म्हणाली. "तू आलीस की त्यांना 'असू दे' म्हणावं लागेल. ते मला नको आहे."

दोन दिवस ती फिरत होती. कुठं काय झालं ते तिनं सांगितलं नाही. चौघी पुन्हा आल्या नाहीत. दोघी यायच्या, पण फक्त ब्लाउजचं माप द्यायच्या, बोलायच्या काही नाहीत. काकूंनी शिवायला टाकणं बंद केलं नाही, पण त्यानंतर त्या मोलकरणीबरोबर कापड आणि मापाला एक जुना ब्लाउज पाठवायच्या. त्या जुन्या ब्लाउजवरून आई नवा बेतायची. बाईच्या अंगात दोन वर्षांत काय फरक पडला ते जुन्या ब्लाउजला कळत नाही, म्हणून तो कधी नीट बसला नसणार. काकूंनी तशी तक्रार मात्र कधी केली नाही.

नेमणुकीचं पत्र त्याच आठवड्यात आलं. मी ते फाडायला निघाले होते. त्यातलं थोडं नाटक होतं, हे मी मान्य करते. आईनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि सपाट करून टेबलावर ठेवलं. "जा. तू नाही गेलीस तर दुसरं कुणी जाईल, आणि यादी तिथंच राहील. आत असलीस तर निदान त्या घरी परत फोन जाऊ देऊ नको."

मी रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्या न बोलणाऱ्या अधिकाऱ्यांकडे यादी परत मागितली. "ती आता सिस्टिममध्ये आहे," ते म्हणाले, तेही फार सौजन्यानं. मग मी ती सात नावं माझ्या नावावर मागून घेतली आणि तिथं होते ती चार वर्षं एकीलाही फोन केला नाही. दर तिमाहीला साहेब विचारायचे, या सातांचं काय? मी म्हणायचे, बोलणं चालू आहे. माझ्या कामाच्या अहवालात त्याबद्दल शेरा पडत राहिला. आई हे कधी विचारायला आली नाही, आणि मी आपणहून सांगितलं असतं तर ते चूक फिटल्याचा हिशेब मांडल्यासारखं झालं असतं.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यातला एक रविवार. एक नवीन बाई माप द्यायला आल्या. आईनं कडी लावली, पडदा ओढला. मी सवयीनं फळीवरून वही काढली, पेन्सिल घेतली, पलंगाच्या कडेला बसले.

"वही ठेव तिथं," आई म्हणाली. तिनं टेप उलगडला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. "तू जरा बाहेर बस."

मी कडी काढली. माझ्या मागं ती पुन्हा लागली. वडिलांनी ओट्यावर सरकून मला जागा दिली, पेपरचं एक पान काढून दिलं. आत आई आकडा सांगत असेल आणि मग टेप सोडून स्वतःच वाकून लिहीत असेल. मी कान देऊन ऐकत होते. एकही आकडा ऐकू आला नाही.

आईची नजर आता अधू झाली आहे. तरी दिवसाला एखादा ब्लाउज ती शिवते. मी माहेरी गेलेली असते, गप्पा चाललेल्या असतात आणि दारात कुणी बाई पिशवी घेऊन येते. आईला काही सांगावं लागत नाही. मी उठते आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसते.